पेडणेकरांचा पिवळा

कोपरखैरण्याच्या आमच्या दुकानाबाहेर सुहासने पाटी लावली होती : ‘जुने व अंधारे फोटो कॉम्प्युटरवर उजळून मिळतील.’ पाटी लावून दोनच दिवस झाले असतील. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पाटीसमोर थांबले, खिशातून चष्मा काढला, पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि दारातून आत डोकावून म्हणाले, “किती उजळून?”

सुहास दुकानाचा मालक. पंचविशीतला, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि त्यामुळे जगात कशालाच न अडणारा. या प्रश्नाला मात्र अडला.

“किती म्हणजे?”

“म्हणजे सकाळचा उजेड, दुपारचा, का ट्यूबचा? नुसतं उजळून म्हणजे काय ओ? पावडर लावून पण माणूस उजळतो.”

त्यांना फोटो उजळून घ्यायचा नव्हता, काम हवं होतं, हे कळायला आम्हाला अर्धा तास लागला. हे पेडणेकर. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मुंबईतल्या एका स्टुडिओत त्यांनी तीस वर्षं रिटचिंग केलं होतं. म्हणजे निगेटिव्ह भिंगाखाली धरायची आणि टोकदार पेन्सिलीने तिच्यातले देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालचा काळोख बुजवायचा. तो स्टुडिओ बंद पडला, मुलाने सानपाड्याला फ्लॅट घेतला, आणि घरी बसून सुनेच्या पायात यायचं नाही म्हणून हे बाहेर पडले. कॉम्प्युटरला त्यांनी तोवर हातही लावलेला नव्हता. सुहासने त्यांना का ठेवून घेतलं ते त्यालाही नंतर कधी नीट सांगता आलं नाही. मला विचाराल तर तो त्या ‘किती’ला घाबरला.

मी तिथे लग्नपत्रिका आणि बायोडेटा टाइप करायला होते. साताऱ्याकडची, लग्न होऊन घणसोली गावात भाड्याच्या खोलीत आलेली, आणि आपल्याला माणसं चटकन कळतात अशा समजुतीत वावरणारी. ती समजूत पेडणेकरांनी पहिल्या महिन्यातच मोडून काढली. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले तर कळलेल्या गोष्टींपेक्षा न कळलेल्याच जास्त आठवतायत. त्यांचं चरित्र काही मला सांगता येणार नाही. नव्वदचं दशक संपता संपता एक-दीड वर्ष हा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता, एवढंच.

माउस ते पेन्सिल धरावी तसा तीन बोटांत धरायचे. सुहासने सांगून पाहिलं की अख्खा हात ठेवा, मनगट दुखेल. “तीस वर्षं नाय दुखला,” एवढंच उत्तर. फोटोशॉप मात्र पंधरवड्यात शिकले. फोटो उघडला की त्यात काळं किती, पांढरं किती याचा एक आलेख दिसतो, त्याला ते डोंगर म्हणत. अंधाऱ्या फोटोत तो सगळा डावीकडे दाटलेला असतो. “ह्येचो डोंगर पडलो,” असं मालवणीत पुटपुटत ते खालचे छोटे त्रिकोण केसभर सरकवायचे, खुर्ची मागे घ्यायचे, बघायचे, परत पुढे यायचे. सुहास जे काम दहा मिनिटांत करी त्याला यांना दीड तास. त्या वेळच्या त्या प्रोग्राममध्ये केलेलं एकच पाऊल मागे घेता यायचं. सुहासला ती मोठी गैरसोय वाटे. पेडणेकर म्हणत, “एक तरी घेता येतं. पेन्सिलीत तेवढं पण नव्हतं.”

गिऱ्हाइकाने फोटो पुढे केला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “काळ्यात माल आहे का, ते आधी बघू.” एक काळं असं असतं की उजेड कमी पडला म्हणून ते काळं. त्याच्या आत सगळं असतं, हळूच वर काढलं की येतं. दुसरं काळं रिकामं असतं. त्याला कितीही उजळा, राख मिळते. हे ते इतक्या तन्मयतेने समजावत की पासपोर्ट फोटोसाठी आलेला माणूससुद्धा मान डोलवून ऐके आणि बाहेर गेल्यावर मला खूण करून विचारी, काका बरे आहेत ना?

एकदा एका माणसाने भावाचा फोटो आणला. खिडकीसमोर उभा राहून काढलेला, मागून ऊन, त्यामुळे तोंडाच्या जागी नुसता काळा आकार. भाऊ दुबईला गेलेला, आईला फोटो मोठा करून हवा. सुहास म्हणाला, दुसऱ्या फोटोतलं तोंड आणून बसवू, कळणारसुद्धा नाही. पेडणेकर म्हणाले, “नको. इथे माल नाय. पण खिडकी चांगली आहे.” आणि दोन दिवस खपून त्यांनी ती खिडकी काढली. गज, गजावरचा गंज, बाहेरचं शेवग्याचं झाड, त्याच्या शेंगा. भाऊ होता तसाच काळा. आता हा माणूस भांडणार म्हणून मी टायपिंग थांबवून बसले. तो फोटो हातात धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “हे झाड तोडलं आमी.” मग मोठी कॉपी घेऊन गेला. यात कोण शहाणा होता ते मला तेव्हाही कळलं नाही.

दुसरे एक गृहस्थ वाशीहून आले होते. मुलीचं लग्न जमवायचं होतं, घरात काढलेला फोटो अंधारा आला होता. पेडणेकरांनी तो उजळला. गृहस्थांनी पाहिला आणि कपाळाला आठी घातली. “भिंत उजळली ओ. मुलगी उजळा की.”

“उजेड सगळ्यांवर सारखा पडतो.”

“अहो, पण स्थळाला भिंत दाखवायचीय का मला?”

पेडणेकरांनी प्रिंट त्यांच्या हातात ठेवली. गृहस्थ तणतणत गेले. आता एवढ्या तत्त्वाच्या माणसाने पुढच्याच आठवड्यात काय करावं? एक मुलगी स्वतःच आली, तसाच फोटो घेऊन, मान खाली घालून म्हणाली, काका जरा गोरी करा ना. आणि यांनी केली. चांगली दोन छटा गोरी केली. मी विचारलं, “मग त्या वाशीवाल्यांना का नाही म्हणालात?” म्हणाले, “त्यांनी स्वतःसाठी मागितलं नव्हतं.” त्याच्यावर मी आठवडाभर विचार केला. अजून करते.

त्यांच्या टेबलावर मॉनिटरशेजारी एक पांढरी बशी असायची. चहा तिच्यात कधी घेतला नाही. पांढरं म्हणजे काय ते आधी ठरलं पाहिजे, म्हणून ती ठेवलेली. फोटोतल्या भिंतीकडे बघायचे, बशीकडे बघायचे, आणि मग मला हाक, “माने बाई, ही भिंत पिवळी आहे का पांढरी?” दिवसातून दहा वेळा. मी पत्रिकेतल्या ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’मधून मान वर काढून सांगायची, पिवळट आहे. की ते रंगाच्या खिडकीत जाऊन पिवळा उतरवायचे, निळा चढवायचे. बल्बच्या उजेडात काढलेले फोटो पिवळे येतातच, तो पिवळा काढणं हे कामच होतं. गिऱ्हाइकांनाही ते विचारत, भिंतीला डिस्टेंपर कोणता होता, साडी मोतिया होती का पांढरी. मला वाटे ही कारागिराची पद्धत. मोठी माणसं खात्री करून घेतात.

पुढे पुढे त्यांचे फोटो निळसर येऊ लागले. एकदम नाही, हळूहळू. आधी पांढरे सदरे नीळ जास्त झाल्यासारखे दिसायला लागले, मग म्हाताऱ्यांचे केस, मग माणसांचे दात. एक बाई म्हणाल्या, सगळे थंडीत उभे केल्यासारखे दिसतायत. सुहासने प्रिंटरची शाई बदलली, कागद बदलला. मला स्क्रीनवरच निळं दिसत होतं. पण तीस वर्षं या कामात घालवलेल्या माणसाला, लग्नपत्रिका टाइप करणाऱ्या बाईने काय सांगायचं? त्यांना तसंच हवं असेल, असं मी धरून चालले. ही माझी चूक, आणि ती मी इथे लिहून ठेवते.

पावसाळ्याच्या तोंडावर बोनकोडे गावातून हिराबाई आल्या. पन्नाशीच्या, अंगाने भक्कम, कासोटा घातलेलं लुगडं. गाव आमच्या दुकानामागेच, चालत पाच मिनिटं. पदरात गुंडाळलेला फोटो त्यांनी पेडणेकरांच्या टेबलावर उलगडून ठेवला. जवळजवळ काळा. नीट बघितल्यावर दोन बायका दिसत होत्या, एक पाटावर बसलेली, एक तिच्यावर वाकलेली.

“पोरीचे हलदीचा हाय,” हिराबाई म्हणाल्या. “मांडवातला जनरेटर बंद पडला न फोटोवाल्याचा फ्लॅश पन मेला. घरातला एक बलब वायरीशी बाहेर काढला, तेच्यावर काढलाय. ही वाकलेली माजी सासू.”

सासूबाई लग्नानंतर दीड महिन्याने गेल्या होत्या. सासरे हयात, म्हणजे सासूबाई सवाष्ण, म्हणून पहिली हळद त्यांच्याच हातची. जन्मात त्यांनी कधी फोटो काढू दिला नव्हता, फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणून. हळदीच्या गडबडीत त्यांना कोणी विचारलं नाही, म्हणून हा एवढा एक.

“दुसरा नायच तिचा,” हिराबाई म्हणाल्या. “यो निगाला तर निगाला, नायतर नातवंडांना काय दाखवायचा?”

पेडणेकरांनी फोटो खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, “माल आहे. निघेल.”

चार दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. आणि खरंच, म्हातारी निघाली. आधी नाकातली नथ, मग हनुवटीवरचं गोंदण, मग हसल्यामुळे बारीक झालेले डोळे. सुहास आणि मी दोघंही मागे उभे राहून बघत होतो. पेडणेकरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “माने बाई, पिवळा आहे ना सगळीकडे?” मी म्हणाले, आहे की. सगळंच पिवळं होतं. भिंत, केस, पाट, माणसं. त्यांनी पिवळा उतरवला.

हिराबाई आल्या. प्रिंट हातात घेतली, सासूकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नजर पाटावरच्या मुलीकडे गेली आणि त्या थांबल्या.

“पोरीची हलद कुठं गेली?”

मी प्रिंट पुढे ओढून पाहिली. नवरी न्हाऊन बसल्यासारखी स्वच्छ होती. म्हातारीचा हात तिच्या गालावर होता आणि त्या हातात काहीच नव्हतं.

“बल्बचा पिवळा होता तो,” पेडणेकर म्हणाले.

“बलबाचा नाय. माजे सासूचे हाताचा. पोरीची हलद पुसलीत तुमी.”

आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. हळद पुसलेली नवरी म्हणजे केवढा अपशकुन, हे पेडणेकरांना सांगायला नको होतं. हिराबाईंनी प्रिंट टेबलावर पालथी ठेवली. घरात ही नेणार नाही, म्हणाल्या. मग त्या पेडणेकरांच्या तोंडाकडे बघू लागल्या, अगदी जवळ जाऊन, बाजारात मासळीचे डोळे बघावेत तशा.

“काका, तुमचे डोल्यान मोती पिकलाय. दोनी डोल्यान. तुमाला समजला नाय?”

पेडणेकरांनी बशी उचलली, डोळ्यांजवळ नेली, परत ठेवली. मग माझ्याकडे वळले.

“माने बाई, बशी पांढरी आहे?”

“हो.”

“आणि माझे फोटो?”

“निळे येतात.”

“कधीपासून?”

“वर्ष होत आलं.”

“मग बोलला नाय तुम्ही?”

मी म्हणाले, मला वाटलं तुम्हाला तसंच हवंय. इतकी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही. ते रोज मला विचारत होते ती पद्धत नव्हती, डोळ्यांतल्या मोत्यामुळे त्यांना पांढरंही पिवळंच दिसत होतं म्हणून विचारत होते. आणि मी दर वेळी विचारलेल्याचं तेवढं उत्तर देऊन पत्रिकेकडे वळत होते. पण हेही सांगते, की हळदीच्या त्या फोटोत माझे डोळे धड असूनही मी ‘आहे की’ म्हणालेच होते. हळद कुठली आणि बल्ब कुठला, हे मलाही कुठे सुचलं होतं?

सुहास म्हणाला, मी पिवळा रंग घेऊन गालांवर मारून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. पेडणेकर पहिल्यांदाच त्याच्यावर चिडले. “रंग कोणी मारायचा नाय. हळद फोटोत आहे. तीच काढायची.”

दुसऱ्या दिवशी हिराबाईंना त्यांनी स्टूल देऊन शेजारी बसवलं. मला दुसऱ्या बाजूला. एकाच फोटोच्या दोन प्रती त्यांनी कॉम्प्युटरमध्ये एकावर एक ठेवल्या. खाली पिवळी, वर पिवळा उतरवलेली. वरची जिथे खोडरबराने पुसू, तिथे खालचा पिवळा दिसणार. म्हणजे हळद लावायची नाही, झाकली गेलेली उघडी करायची. फक्त ती कुठे होती ते कळायला हवं.

“सासूला दिसत नव्हता काय,” हिराबाई सांगू लागल्या. “पोरीचे तोंडाव हात फिरवून चाचपून लावली. गालाव लावली, कानाव गेली. नाकाव गेली. इकडं केसान पन.” त्या स्क्रीनवर बोट टेकवायच्या, मी मूळ फोटोत त्या जागी पिवळं गडद आहे का ते बघून सांगायची, आणि पेडणेकर तीन बोटांत धरलेला माउस तिथे हळूहळू घासायचे. त्यांना स्वतःला काही फरक दिसत नव्हता. “आली?” विचारायचे. “आली,” मी म्हणायची. कधी हिराबाई म्हणायच्या आली, मला वाटायचं नाही. कधी उलट. दोन तासांनी माझे डोळे असे झाले की पिवळं कशाला म्हणतात तेच मला कळेना. मी आली म्हणत होते ते दिसत होतं म्हणून, की हिराबाईंचं बोट तिथे होतं म्हणून, हे आजही शपथेवर सांगता येणार नाही. मध्येच हिराबाई हळदीच्या गाण्याची एक ओळ गुणगुणल्या आणि लाजून गप्प झाल्या. पेडणेकर म्हणाले, “म्हणा, म्हणा. हात सरळ चालतो.”

प्रिंट निघाली. नवरीचा एक कान पूर्ण पिवळा, दुसरा कोरा, नाकाचा शेंडा पिवळा, भांगात पिवळं बोट. असली हळद कुठल्याही डोळस माणसाने लावली नसती. हिराबाईंनी ती कपाळाला लावली आणि पदराखाली घालून नेली.

त्या महिनाअखेरीला पेडणेकरांनी काम सोडलं. मुलाने वाशीच्या एका दवाखान्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं, डावा नंतर करायचा होता. मध्ये पाऊस गेला. गणपती आले आणि गेले. एक दिवस काळा चष्मा लावून ते दुकानात उभे. बसायला तयार नाहीत. म्हणाले, डावा डोळा करायचाय, त्याच्यानंतर गावाला जाणार, बहिणीकडे, कदाचित कायमचंच. “त्याच्याआधी तो फोटो बघायचाय. मी केलेला, पण मी बघितलेला नाय.”

मी त्यांच्याबरोबर बोनकोडे गावात गेले. हिराबाईंच्या घराला वर दोन मजले चढवून भाडेकरू ठेवले होते, खालची ओटी मात्र जुनीच होती. फोटो समोरच्याच भिंतीवर, काचेच्या चौकटीत. पेडणेकरांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि चौकटीसमोर उभे राहिले. हाताने डावा डोळा झाकला, बघितलं. मग उजवा झाकला, बघितलं. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. हिराबाई चहाचे कप घेऊन आल्या तरी यांचं चाललेलंच.

“काय झाला?” हिराबाईंनी मला विचारलं. मला काय माहीत?

“नव्या डोळ्याने दिसते,” पेडणेकर म्हणाले. “कानावरची पण दिसते. जुन्याने नाय. जुन्याने नवरी कोरीच आहे, मी केली होती तशी.” मग म्हणाले, “एकाच भिंतीवर दोन फोटो आहेत, बाई. खरा कुठला ते मला कळत नाय.”

तीस वर्षं ज्या डोळ्यांवर विश्वास टाकला, त्यातला एक दुसऱ्याविरुद्ध साक्ष देत होता. मी आपली कप धरून उभी.

हिराबाईंनी आपला कप खाली ठेवला. आत गेल्या. आल्या त्या वाटीत ओली हळद कालवून. त्यांनी त्यात दोन बोटं बुडवली आणि चौकटीच्या काचेवर, नवरीच्या दोन्ही गालांवर, चांगली जाड हळद ओढली. एक बोट सासूच्या हातावर लावलं. काचेवरून एक थेंब ओघळला तो पदराने टिपला.

“आता बघा.”

पेडणेकरांनी डावा डोळा झाकून बघितलं. मग उजवा झाकून बघितलं. हात खाली घेतला.

“दोन्हीतून दिसते,” ते म्हणाले.